कार्यालयाचा संगणक त्या रात्री कोणी उघडला होता?

वाचकाचे पत्र थोडक्यात : पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी करसल्लागार म्हणून व्यवसाय करणारे एक गृहस्थ लिहितात, की त्यांच्या कार्यालयात चार माणसे काम करतात. त्यांतील सर्वांत जुन्या आणि विश्वासू सहकारी, ज्यांना कार्यालयात सगळे ‘ताई’ म्हणतात, पतीच्या बदलीमुळे पुण्याला राहायला गेल्या. त्यांना सोडण्याची इच्छा नसल्याने वाचकांनी गावातील संगणक दुरुस्त करणाऱ्या तरुणाकडून कार्यालयाच्या मुख्य संगणकावर ‘रिमोट’ची प्रणाली बसवून घेतली. क्रमांक आणि पासवर्ड टाकला, की ताईंच्या लॅपटॉपवर कार्यालयाचा पडदा उघडतो आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील नोंदींपासून जीएसटीच्या विवरणपत्रांपर्यंत सर्व काम पुण्याहून होते. दोन वर्षे हे सुरळीत चालले. गेल्या महिन्यात एका सकाळी मात्र संगणकाचा पडदा लॉक नव्हता आणि एका मोठ्या अशिलाचे खाते उघडे होते. त्या दिवशी आपण ते खाते उघडल्याचे ताईंना आठवत नाही, आणि विचारणाऱ्याच्या सुरामुळे त्या दुखावल्या आहेत. वाचकांचा मुलगा सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. रिझर्व्ह बँकेने अशा प्रणालींविरुद्ध इशारा दिला होता, हे सर्व आजच काढून टाका, असे त्याचे म्हणणे आहे. प्रणाली बसवणारा तरुण सांगतो, की हिचे एन्क्रिप्शन २५६ बिटचे, बँकेच्या दर्जाचे आहे, काळजीचे कारण नाही. ही प्रणाली सुरक्षित मानावी का आणि ताईंवर पूर्वीसारखा विश्वास ठेवावा का, असे वाचक विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे मी येणार आहे, परंतु त्याआधी जो प्रश्न पत्रात कुठेच नाही त्याच्यापासून सुरुवात करतो : त्या रात्री संगणक खरोखर कोणी उघडला होता? ही गोष्ट माणसांना विचारूनच कळेल असे गृहीत धरून तुम्ही ताईंना विचारले, मुलाला विचारले आणि प्रणाली बसवणाऱ्या तरुणालाही विचारले. पण या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्या संगणकातच लिहून ठेवलेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते अजून कोणी वाचलेले दिसत नाही.

दुरून जोडणी देणाऱ्या प्रचलित प्रणाली बाहेरून आलेल्या जोडण्यांची नोंद आपोआप ठेवतात. तुम्ही कोणती प्रणाली वापरता त्याचा उल्लेख मी वगळला आहे, कारण हे उत्तर वाचणाऱ्या इतरांकडे वेगळी प्रणाली असेल. एनीडेस्क असेल, तर विंडोजच्या ‘प्रोग्रामडेटा’ या एरवी लपवलेल्या फोल्डरमध्ये एनीडेस्कच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची साधी मजकूर फाइल असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या क्रमांकाच्या उपकरणावरून जोडणी आली, आणि ती पासवर्ड टाकून आली, आधी जतन केलेल्या परवानगीने आली की समोर बसलेल्या माणसाने स्वीकारल्यामुळे आली, हे त्या फाइलीत ओळीओळीने दिसते. टीमव्ह्यूअरमध्ये अशीच ‘कनेक्शन्स इनकमिंग’ ही फाइल असते. विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप वापरत असाल, तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील सुरक्षा विभागात ४६२४ या क्रमांकाखाली यशस्वी आणि ४६२५ या क्रमांकाखाली फसलेले प्रवेश नोंदलेले असतात, आणि ४६२४ च्या नोंदीत प्रवेशाचा प्रकार १० असेल तर तो प्रवेश रिमोट डेस्कटॉपने झाला असे समजायचे. वेळ वाचताना एक काळजी घ्या. ताईंनी नक्की कधी काम केले हे माहीत असलेली एखादी जुनी नोंद आधी ताडून पाहा, म्हणजे फाइलीतील घड्याळ भारतीय वेळेचे आहे की साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेचे, हे कळेल. नाहीतर पहाटेची जोडणी आदल्या रात्रीची वाटेल आणि संशय भलत्याच माणसावर जाईल.

म्हणूनच मुलाचा सल्ला आजच्या आज अमलात आणू नका, एवढीच माझी पहिली विनंती आहे. घाईने प्रणाली काढली किंवा संगणक फॉरमॅट केला, तर या नोंदी पुसल्या जातील आणि त्या रात्रीचा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहील. त्याचा भार कोणाच्या माथी राहील हे वेगळे सांगायला नको. आधी त्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

नोंदीत काय आढळेल, याच्या काही शक्यता आहेत. संध्याकाळी ताईंची जोडणी मध्येच तुटल्याचे दिसू शकते. पुण्यात किंवा तुमच्या गावात वीज अथवा इंटरनेट गेले, तर जोडणी संपते, पण कार्यालयाचा संगणक स्वतःहून लॉक होईलच असे नाही. ती सोय चालू करावी लागते, आणि ती कोणी चालू केली होती असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. अशा वेळी दिवसभरात उघडलेल्या अनेक खात्यांपैकी शेवटचे खाते पडद्यावर तसेच राहते, आणि ते कोणते होते हे दुसऱ्या दिवशी आठवणे कोणालाही कठीण जाईल. दुसरी शक्यता अशी, की रात्री कोणतीच जोडणी आलेली नसेल आणि संध्याकाळी कार्यालयातीलच कोणीतरी संगणक तसाच सोडून गेले असेल. तिसरी शक्यता, एखादा ओळखीचा पण अनपेक्षित क्रमांक दिसण्याची आहे. आणि चौथी, पूर्णपणे अनोळखी क्रमांकाची. या चारही शक्यतांना तुमची कृती वेगवेगळी असायला हवी, म्हणून आधी नोंद वाचावी आणि मगच कोणाबद्दल मत बनवावे.

तिसऱ्या शक्यतेवर थोडे थांबतो, कारण पत्रातील एक वाक्य मला तिथे खटकले. पासवर्ड ‘फक्त मला आणि ताईंना माहीत आहे’ असे तुम्ही लिहिता. पण तो ठरवला कोणी? प्रणाली बसवणाऱ्या तरुणाने. त्याने तो स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवला असेल, आणि दुरुस्तीसाठी सोयीचे म्हणून तुमचा संगणक त्याच्या यादीत आजही असेल. त्यात त्याचा वाईट हेतू असण्याची गरज नाही. फोन आला, की दुकानातूनच ‘रिमोट घेऊन’ काम करून देण्याची या व्यवसायात रीतच आहे. पुढे तुम्हीच लिहिता, की मागच्या वर्षी काम सोडून गेलेला मुलगा पूर असताना आठवडाभर घरून काम करत होता. तो गेल्यावर पासवर्ड बदलला होता का? शिवाय अशा प्रणालींत एकदा पासवर्ड टाकून ‘पुढच्या वेळी विचारू नका’ म्हटले, की त्या उपकरणावर कायमची परवानगी जतन होते. ताईंनी मध्यंतरी लॅपटॉप बदलला असेल आणि जुना विकला किंवा भाच्याला दिला असेल, तर तुमच्या कार्यालयात येण्याची एक वाट त्या जुन्या लॅपटॉपमध्येही राहिलेली असू शकते. एवढी माणसे आणि उपकरणे मोजली, म्हणजे संशयाचे पहिले बोट ताईंकडेच का जावे, हा प्रश्न तुम्हालाही पडेल.

आता त्या तरुणाच्या २५६ बिटकडे वळू. तो खोटे बोलत नाही. प्रतिष्ठित प्रणालींमध्ये दोन संगणकांमधील मजकूर अशा रीतीने कूटबद्ध होतो, की वाटेत तो पकडला तरी उलगडणे व्यवहारात अशक्य असते. परंतु हे संरक्षण वाटेवरचे आहे. योग्य पासवर्ड घेऊन आलेला माणूस कोण आहे, हे एन्क्रिप्शनला कळत नाही. ते चोरालाही तितक्याच निष्ठेने संरक्षण पुरवते. वाडा चिरेबंदी आहे आणि दिंडी दरवाजाची किल्ली बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली आहे, असा हा प्रकार झाला. पासवर्ड एकामागून एक टाकून पाहणाऱ्यालाही चांगल्या प्रणाली रोखतात. टीमव्ह्यूअर प्रत्येक चुकीच्या प्रयत्नानंतर पुढील प्रयत्नाचा अवधी वाढवत नेते आणि २४ प्रयत्नांना १७ तास लागतील अशी तिची रचना असल्याचे कंपनी सांगते. तरीही २०१६ च्या जूनमध्ये अनेक टीमव्ह्यूअर वापरणाऱ्यांच्या संगणकांत परके लोक शिरले. आपल्या प्रणालीला भगदाड पडलेले नाही, लोकांनी दुसऱ्या संकेतस्थळांवर वापरलेलेच पासवर्ड येथेही ठेवले होते आणि ते तिकडून फुटले, असे कंपनीचे म्हणणे होते. त्यानंतर नव्या उपकरणावरून खात्यात पहिल्यांदा शिरताना ईमेलवरून मंजुरी घेण्याची सोय तिने आणली.

याच कारणासाठी कोणत्याही रिमोट प्रणालीत मी सर्वांत आधी द्विस्तरीय पडताळणी आहे का आणि ती चालू आहे का, हे पाहतो. पासवर्डखेरीज मोबाइलवरील ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी आकडा द्यावा लागला, तर फुटलेला पासवर्ड एकट्याने निरुपयोगी ठरतो. या एका सोयीची किंमत किती असू शकते, याचे अलीकडचे मोठे उदाहरण अमेरिकेतील आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअर ही तेथील आरोग्यविम्याच्या दाव्यांचे व्यवहार हाताळणारी कंपनी, संगणकांतील माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोरांनी बंद पाडली, आणि देशभर औषधदुकाने व रुग्णालयांची देयके अडकली. चोरलेल्या पासवर्डाने हल्लेखोर ज्या रिमोट प्रवेशद्वारातून शिरले, तिथे द्विस्तरीय पडताळणी नव्हती, असे तिच्या मूळ कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले. हजारो तंत्रज्ञ पदरी असलेल्या कंपनीत जे राहून गेले, ते तालुक्याच्या गावी राहून गेले म्हणून तुम्ही स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. आता मात्र ते राहू देऊ नये.

मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, फक्त ते तुमच्या प्रश्नाला नेमके लागू पडत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत एनीडेस्कचा नाव घेऊन इशारा दिला होता, हे खरे. पण तो इशारा एका विशिष्ट फसवणुकीबद्दल होता : भामटा बँकेचा किंवा कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फोन करतो, समोरच्याला मोबाइलवर ॲप उतरवायला लावतो, त्यावर दिसणारा क्रमांक विचारून घेतो, आवश्यक त्या परवानग्या द्यायला लावतो आणि मग त्या मोबाइलवरून पैसे काढून घेतो. त्यात कुलूप फोडले जात नाही. मालकालाच बोलण्यात गुंतवून ते उघडायला लावतात. त्यामुळे कार्यालयातून प्रणाली काढून टाकली, तरी या प्रकारच्या फसवणुकीपासून तुम्ही सुरक्षित होत नाही, कारण भामटा ती पाच मिनिटांत पुन्हा उतरवायला लावेल. त्यावरचा उपाय वेगळा आहे. आपण स्वतः ठरवून बोलावलेल्या माणसाखेरीज, फोन करणाऱ्या कोणाच्याही सांगण्यावरून पडदा दाखवायचा नाही, हे कार्यालयातील प्रत्येकाला, चहा आणणाऱ्या मुलापासून तुमच्यापर्यंत, स्पष्ट माहीत असायला हवे.

शिवाय रिमोट बंद झाले, की काम कसे होईल याचाही विचार करा. २० तारखेच्या आदल्या दिवशी जीएसटीची ३बी विवरणपत्रे भरायची असतात, प्राप्तिकराची ३१ जुलै जवळ येते, आणि काम थांबवणे शक्य नसते. मग टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर पुण्याला जाईल, तिथून दुरुस्त होऊन परत येईल, आणि प्रत्येक फेरीत अशिलांचे पॅन, बँकखाते आणि उलाढाल यांची एक प्रत कुठेतरी मागे राहील. रिमोट नीट बसवलेले असेल, तर पुण्याला फक्त पडद्याचे चित्र जाते आणि मूळ माहिती तुमच्या गावातच राहते. हा या पद्धतीचा मोठा गुण आहे, आणि तो गमावण्याआधी दहा वेळा विचार करावा असे मला वाटते. मात्र हा गुण फाइल-हस्तांतर आणि क्लिपबोर्ड (एका संगणकावर कॉपी केलेले दुसऱ्यावर चिकटवण्याची सोय) बंद असतील तरच टिकतो. बहुतेक प्रणालींत या दोन्ही गोष्टी सुरुवातीपासूनच चालू असतात, आणि त्यांच्याद्वारे अख्खे फोल्डर दोन मिनिटांत पलीकडे जाऊ शकते. ताईंना नोंदी करण्यासाठी पडदा, कळफलक आणि माउस पुरेसे आहेत. कधीमधी फाइल पाठवावी लागलीच, तर ती कार्यालयातील माणसाने पाठवावी.

तेव्हा प्रणाली ठेवावी, पण आजच्या रूपात मुळीच ठेवू नये, असे माझे मत आहे. आज ती ज्या रीतीने बसवलेली आहे, ती रीत दुकानदाराच्या सोयीची आहे. सर्वांत मोठा फरक परवानगी यादीने पडेल. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर या दोन्हींत, केवळ ठरावीक क्रमांकांच्या किंवा खात्यांच्या उपकरणांनाच जोडता येईल, अशी यादी करता येते. त्या यादीत ताईंचा सध्याचा लॅपटॉप एवढेच नाव ठेवले, की पासवर्ड कोणाच्याही हाती लागला तरी दुसऱ्या उपकरणावरून आत येता येत नाही. मग समोर कोणी नसताना चालणारा जुना पासवर्ड बदलून, इतर कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड ठेवावा, आधी जतन झालेल्या सर्व परवानग्या एकदा पुसून टाकाव्यात आणि द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. जोडणी तुटताच संगणक लॉक व्हावा, ही सोय चालू असती तर बहुधा हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. ताई काम करत असताना कार्यालयातील पडदा काळा ठेवण्याचीही सोय असते. समोर बसलेल्या अशिलाला दुसऱ्याचे खाते दिसू नये यासाठी ती उपयोगी आहे, पण तुमच्या मनःस्थितीत सध्या ती बंद असलेली बरी, असे वाटते. संगणक रात्रभर चालू ठेवण्याची सवयही मोडावी. ताईंच्या कामाची वेळ ठरवून, त्या वेळेबाहेर शेवटी जाणाऱ्याने तो बंद केला, तर त्या काळात कोणतीही प्रणाली आत येऊ देऊ शकत नाही, आणि याला खर्चही नाही.

खर्चावरून आठवले. या दोन्ही प्रणालींची मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी असते. व्यवसायासाठी ती वापरणे परवान्याच्या अटींविरुद्ध आहे आणि ऐन गर्दीच्या दिवसांत जोडणी तोडली जाण्याचा धोकाही त्यात आहे. परवाना विकत घ्यावा, आणि प्रणाली उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून अद्ययावत ठेवावी. उत्पादकही अभेद्य नसतात. २०२४ च्या फेब्रुवारीच्या आरंभी एनीडेस्कने आपल्या मुख्य यंत्रणांत परके शिरल्याचे जाहीर केले, संकेतस्थळावरील ग्राहकखात्यांचे पासवर्ड रद्द केले आणि सॉफ्टवेअर खरोखर आपलेच आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र बदलले. ज्यांनी त्यानंतर नवी आवृत्ती घेतली नाही, ते जुन्या स्वाक्षरीवरच विसंबून राहिले. तुमच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे, हे पाहायला एक मिनिट पुरते.

काही वाचक म्हणतील, की बाहेरची कंपनी नकोच, विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप वापरू. ते चांगले आहे. होम आवृत्तीत मात्र ते संगणकाला बाहेरून प्रवेश देत नाही, त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. पण बसवणारे त्यात एक घातक शॉर्टकट घेतात. राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला दरवाजा, थेट इंटरनेटला उघडा करून देतात, म्हणजे घरून पत्ता टाकला की झाले. असे उघडे दरवाजे शोधत इंटरनेटभर फिरणारी स्वयंचलित साधने चोवीस तास चालू असतात. ३३८९ च्या जागी दुसरा आकडा दिला, तरी ती थोड्या वेळाने तोही शोधतात. २०१९ च्या मे महिन्यात उघडकीला आलेल्या ‘ब्ल्यूकीप’ या दोषात तर पासवर्डाचीही गरज नव्हती. तो इतका गंभीर होता, की मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. म्हणून हा मार्ग घ्यायचा, तर आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, कूटबद्ध वाट) आणि त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप, अशीच रचना हवी. त्यात प्रवेशापूर्वी ओळख तपासणारी ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ची सोय चालू असावी, ताईंचे खाते प्रशासकाचे नसून साध्या वापरकर्त्याचे असावे, आणि दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद व्हावे. विंडोज ११ च्या नव्या बसवणीत हे शेवटचे बंधन मुळातच असते. कार्यालयात अजून विंडोज १० असेल, तर तिचे नियमित सुरक्षा अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे, हेही लक्षात घ्या.

करसल्लागारांना या मार्गात एक अडचण येते. कार्यालयातील संगणकाला लावलेले डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (पेन ड्राइव्हसारखे उपकरण) विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून दिसत नाही, कारण विंडोज ते दुरून जोडणाऱ्याच्या संगणकावर शोधते. एनीडेस्कसारख्या प्रणालीतून ते दिसते, आणि मग अशिलांची टोकने दिवसचे दिवस संगणकाला लावलेली राहतात, पिन जवळच्या कागदावर असतो. याला सोय म्हणू नका. रिमोटने आलेल्या कोणालाही अशिलाच्या नावाने सही करण्याची मुभा त्यातून मिळते. सही करायच्या वेळी टोकन लावावे, सही कार्यालयातील माणसाने करावी आणि टोकन काढून कपाटात ठेवावे. डेस्कटॉपवर असलेली अशिलांच्या पासवर्डांची एक्सेल फाइलही (ती आहे, असे मी धरून चालतो) कीपाससारख्या कूटबद्ध तिजोरीत हलवावी.

रिमोट प्रणालीत कोण आले हे कळते, पण टॅलीत काय केले हे टॅलीलाच माहीत. तिथे सर्वजण एकाच नावाने काम करत असतील, तर वरची सगळी व्यवस्था अर्धवट राहते. प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड आणि कामापुरते अधिकार द्या, आणि बदलांची नोंद ठेवणारी ‘एडिट लॉग’ची सोय वापरा. कंपन्यांना अशी बदलांची नोंद ठेवणारे लेखा-सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारकच आहे. चौघे एका नावाने शिरत असतील, तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही. याचे एक उदाहरण पाहा. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील ओल्ड्समार या छोट्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० वरून ११,१०० करण्याची आज्ञा दिली गेली. तेथील कर्मचाऱ्याने ती वेळीच रद्द केली. टीमव्ह्यूअरमधून हॅकर शिरला अशी बातमी जगभर गेली. आणि दोन वर्षांनी शहराचे माजी प्रशासक म्हणाले, की ती बहुधा कर्मचाऱ्याचीच चूक होती. तेथील संगणकांना रिमोटसाठी एकच सामाईक पासवर्ड होता, असे त्या वेळच्या सरकारी सूचनापत्रात नमूद आहे. जिथे सगळे एका किल्लीने येतात, तिथे परका कोण आणि आपला कोण हे नंतर ठामपणे सांगता येत नाही. तुमचे आणि ताईंचे नेमके तेच झाले आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन, की विश्वास आणि नोंद यांत निवड करण्याची गरजच नाही. नोंद नीट असती, तर त्या सकाळी तुम्ही ताईंना फोन करण्याआधीच फाइल पाहिली असती. ही व्यवस्था ताईंवर लक्ष ठेवण्यासाठी आहे, असे त्यांना वाटू देऊ नका. ती त्यांच्या बाजूने साक्ष देणारी आहे, हे त्यांना समजावून सांगा. त्यांच्याकडूनही काही गोष्टी मागायला हरकत नाही : कामासाठी लॅपटॉपवर स्वतःचे वेगळे खाते असावे, त्याच खात्यात मुलांचे खेळ आणि चित्रपट नसावेत, उठताना पडदा लॉक करावा, आणि लॅपटॉप बदलला किंवा हरवला तर त्याच दिवशी कळवावे. कामाचा लॅपटॉप कार्यालयाने दिला, तर या अपेक्षा अधिक न्याय्य ठरतील. अशिलांच्या माहितीची जबाबदारी शेवटी तुमची आहे. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही, माहिती ज्याच्या ताब्यात त्याने वाजवी सुरक्षा ठेवावी, असाच आहे.

ज्यांचा प्रश्न कार्यालयाचा नसून घरचा आहे, म्हणजे जे दुबईहून किंवा न्यू जर्सीहून आईवडिलांच्या संगणकावर वीजबिल भरून देतात, त्यांना एवढे पुरे : समोर कोणी नसताना चालणारा पासवर्ड ठेवूच नका. आईने फोनवर तुमचा आवाज ओळखावा, मग पडद्यावर ‘स्वीकारा’ दाबावे, आणि काम झाल्यावर प्रणाली बंद करावी.

नोंदीत अनोळखी क्रमांक निघालाच, तर संगणकाची इंटरनेटची वायर काढा, पण तो पुसू नका. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेल, बँक आणि करपोर्टलचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच, आणि नसतील तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि संबंधित अशिलांना स्वतःहून कळवा. टॅलीच्या डेटाची एक प्रत संगणकाला सतत न जोडलेल्या हार्ड डिस्कवर दर आठवड्याला ठेवत असाल, तर खंडणीखोरापुढेही तुम्ही हतबल होणार नाही.

नोंदीच्या फाइलींची प्रत मात्र आजच काढा आणि त्या तरुणाला माहीत असलेला पासवर्ड आजच बदला. बाकीच्या बदलांसाठी येत्या २० तारखेनंतरचा रविवार ठरवा, म्हणजे विवरणपत्रांची घाई नसेल. प्रणाली बसवणाऱ्या तरुणाला बोलवा, पण नवे पासवर्ड टाकताना कळफलक तुमच्याकडे घ्या. मुलालाही फोनवर ठेवा, त्याची माहिती येथे खरोखर उपयोगी पडेल. आणि नोंदीची फाइल मी सांगितल्याप्रमाणे ताडून वाचताना ताईंनाही जोडून घ्या. त्या रविवारच्या आधीच ती फाइल ताईंना दाखवण्याचे धैर्य तुम्हाला झाले, आणि त्या सकाळच्या सुराबद्दल दोन शब्द बोलता आले, तर तेही करावे.